नालबाइंडिंग: एका सुईने काय काय विणता येतं आणि कसं

नालबाइंडिंग म्हणजे एकच बोथट सुई आणि लोकरीचा छोटा तुकडा घेऊन फासात फास अडकवत जायची विणकला. दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा यांच्यापेक्षा ती कितीतरी जुनी आहे. डेन्मार्कच्या टिब्रिंड विग इथे समुद्रतळाशी इ. स. पूर्व सुमारे ४२०० मधले, झाडाच्या सालीच्या धाग्यांचे असे फासांचे तुकडे सापडले आहेत. इजिप्तमधले रोमन काळातले मोजे, व्हायकिंगांचे मोजे आणि स्वीडन-फिनलंडच्या खेड्यांत विसाव्या शतकापर्यंत घातले जाणारे हातमोजे हे सगळं याच कलेतलं.

शिकायला सुरुवात करताना बहुतेकजण टाका कुठला शिकायचा, हे आधी विचारतात. माझ्या मते आधी वस्तू ठरवावी. या विणीचा स्वभाव दोन सुयांच्या विणीपेक्षा फार वेगळा आहे आणि तो ज्या वस्तूला मानवतो तीच वस्तू चांगली होते.

हा स्वभाव एका साध्या गोष्टीतून येतो. दोन सुयांवर किंवा क्रोशावर आपण लोकरीच्या गुंड्यातून नुसता फास ओढून घेतो. एक टोक ओढलं की सगळं भराभर उसवतं. इथे प्रत्येक टाक्यातून अख्खा दोरा सुईसकट पलीकडे जातो. त्यामुळे काम हळू होतं आणि दोरा आखूडच घ्यावा लागतो. पण एकदा झालेली वीण उसवत नाही. मोज्याला भोक पडलं तर ते भोक तेवढंच राहतं, धावत नाही आणि त्याच सुईने तिथल्या तिथे भरता येतं. वीण जाड आणि उबदार होते, ताणली कमी जाते. गोल गोल फिरत जायला तिला आवडतं, सपाट पुढे-मागे जायला नाही.

म्हणून मोजे, हातमोजे, टोपी, पिशवी, थैली, आसन, बुटात घालायचा तळवा या वस्तू कराव्यात. स्वेटर, शाल आणि मफलर करू नयेत. होत नाहीत असं नाही, पण लोकर बेसुमार लागते, वजन वाढतं आणि शालीला हवा तो सुळसुळीतपणा येत नाही. ते काम दोन सुयांनाच शोभतं.

सुई आणि लोकर

सुई सहा ते आठ सेंटीमीटर लांब, चपटी, टोकाला बोथट आणि मोठ्या नेढ्याची हवी. लोकर शिवायची प्लास्टिकची किंवा बोथट स्टीलची सुई चालते. दाभण चालत नाही, कारण त्याचं टोक दोऱ्याचे पदर फाडत जातं. जुन्या सुया हाडाच्या, शिंगाच्या नाहीतर लाकडाच्या असत. घरी बांबूची सुई छान होते. वाळलेल्या बांबूची बोटभर लांब कामटी काढा आणि चाकूने तासून साधारण दोन मिलिमीटर जाडीची करा. नेढं आधी पाडा, टोक नंतर घडवा. उलट केलंत तर भोक पाडताना कामटी चिरते आणि टोकावरची मेहनत वाया जाते. मग पॉलिश पेपर मारून, खोबरेल तेल चोळून एक दिवस ठेवा. गालावर फिरवून पाहिली तर कुठेही कूस लागता कामा नये.

लोकरीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. शंभर टक्के मेंढीची लोकर हवी आणि तीही मशीनमध्ये धुता येणारी 'सुपरवॉश' नको. दोरा संपला की गाठ न मारता नवा तुकडा जुन्यात मुरवून जोडायचा असतो आणि हे फक्त साध्या लोकरीत जमतं. तिच्या केसांवरचे बारीक खवले ओलावा, ऊब आणि घर्षण मिळालं की एकमेकांत अडकतात. सुपरवॉशमध्ये हे खवले काढलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात, अ‍ॅक्रिलिकला ते नसतातच. दुकानात 'वूल' म्हणून मिळणारं पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. शंका आली तर दोऱ्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते.

शिकताना मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, घट्ट पिळाची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. आपल्याकडे घोंगडीसाठी कातली जाणारी दख्खनी मेंढीची लोकर मिळाली तर जरूर वापरा. ती अंगाला टोचते, त्यामुळे मोज्यांना नको. आसन, पिशवी, बुटाचे तळवे यांना मात्र तिच्यासारखी टिकाऊ लोकर नाही. सूत एकपदरी असेल तर दोन पदर एकत्र पिळून घ्या.

एक टाका नीट शिका

टाके कितीतरी आहेत. ऑस्लो, मामेन, यॉर्क ही नावं ऐकाल. या उत्तरेकडच्या टाक्यांमध्ये आधीचे काही फास अंगठ्यावर आणि अंगठ्यामागे धरून ठेवतात आणि नवा टाका त्यांतून ओवतात. वीण दुहेरी, जाडजूड होते. पण ते हात पाहून शिकण्याचे टाके आहेत. लिहिलेलं वाचून जो टाका नक्की जमतो तो इजिप्तच्या मोज्यांचा, म्हणजे कॉप्टिक टाका. हाच टाका मध्य आशियातल्या तारीम खोऱ्याच्या नावानेही ओळखतात. दिसायला तो दोन सुयांच्या सुलट विणीसारखा दिसतो. इतका, की असे जुने मोजे संग्रहालयांत बरीच वर्षं साध्या विणकामाचे समजले जात होते.

दोरा एक वाव घ्या, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत होतो तेवढा. त्याहून लांब घेतलात तर प्रत्येक टाक्याला ओढून ओढून दोरा झिजतो आणि मध्येच तुटतो.

सुरुवातीचं कडं असं करा. दोऱ्याचं टोक बोटभर सोडून तर्जनीभोवती एक सैल वेढा घ्या आणि काढून डाव्या हाताच्या चिमटीत धरा. आता या कड्यावर काजटाके घालायचे. सुई कड्याच्या पोकळीतून मागे घाला, कड्याच्या बाहेरच्या बाजूने पुढे काढा आणि पुढे येताना दोऱ्याचा फास सुईखाली राहील असं पाहा. ओढा, पण आवळू नका. पेन्सिल आत जाईल एवढा फास राहू द्या. डावीकडून उजवीकडे जात असे आठ टाके घाला. मग सोडलेलं टोक ओढा, की मधलं भोक मिटेल.

आता खरा कॉप्टिक टाका. आधीच्या फेऱ्यातला एक टाका जवळून पाहा. त्याचे दोन पाय एकमेकांवर फुली मारून आलेले दिसतील आणि खाली फास लोंबत असेल. सुई फासात घालायची नाही. ती त्या फुलीच्या मागून, दोन्ही पायांच्या पाठीमागून, उजवीकडून डावीकडे सरकवायची. डावीकडे बाहेर आलेला दोरा पुढून, स्वतःच्याच येणाऱ्या दोऱ्यावरून उजवीकडे घ्या आणि खाली पेन्सिलच्या जाडीचा फास ठेवून थांबा. झाला टाका. पुढच्या टाक्याकडे सरका. सुई उजवीकडून डावीकडे जाते आणि काम डावीकडून उजवीकडे, हा उलटा मेळ पहिले दोन फेरे गोंधळवतो. तिसऱ्या फेऱ्यापासून पाय एकाखाली एक येऊन उभ्या सरी दिसू लागतात, तेव्हा हाताला आपोआप कळतं.

फास सारखे यावेत म्हणून सुरुवातीला खरोखरच पेन्सिल वापरा. प्रत्येक फास तिच्यावरून घ्या आणि तीन-चार टाके झाले की पेन्सिल पुढे सरकवा. मी शिकवते तेव्हा पहिले काही दिवस पेन्सिल सोडूच देत नाही, कारण असमान फास हे या विणीतलं एकमेव न लपणारं वैगुण्य आहे.

टाका वाढवायचा असेल तर एकाच फुलीमागून दोनदा जा. कमी करायचा असेल तर शेजारच्या दोन फुल्यांच्या मागून सुई एकदम न्या. फेरा कुठे सुरू झाला ते कळावं म्हणून तिथे वेगळ्या रंगाचा धागा अडकवा आणि प्रत्येक फेऱ्याला वर हलवत न्या. वीण सर्पिलाकार चालते, फेऱ्याला शेवट असा नसतो, त्यामुळे ही खूण नसेल तर मोजणी हमखास चुकते.

दोरा वीतभर उरला की जोड द्या. जुन्या आणि नव्या टोकाचे पाच-सहा सेंटीमीटर पदर उकला, प्रत्येकातले निम्मे पदर तोडून टाका, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवा, पाण्याने ओली करा आणि तळहातांमध्ये जोरात चोळा. तळवे तापले की टोकं एकजीव झालेली असतात. थोडं ताणून पाहा. सुटलं तर पाणी कमी पडलं किंवा लोकर खरी नाही.

विणताना दोऱ्याचा पीळ सुटत जातो. अधूनमधून सुई मोकळी लोंबकळू द्या, ती गरगर फिरून पीळ परत बसवते.

पहिली वस्तू: चकती

आठ टाक्यांच्या कड्यापासून सुरू करा. दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक टाक्यात वाढवा, म्हणजे सोळा. तिसऱ्यात एकाआड एक वाढवा, चोवीस. चौथ्यात दर तिसऱ्या टाक्यात, बत्तीस. दर फेऱ्याला आठ वाढतात. कड वाटीसारखी वर वळली तर वाढ कमी पडतेय, झालरीसारखी लहरली तर जास्त होतेय. तुमच्या हाताचा आणि लोकरीचा आकडा आठाऐवजी सात किंवा नऊ असू शकतो, तो इथेच ठरवून घ्या.

दहा-बारा सेंटीमीटरची चकती झाली की गरम भांडं ठेवायला घ्या. दख्खनी लोकरीची जाड चकती याला फार चांगली, कारण लोकर सहज पेट घेत नाही आणि चटकाही लागू देत नाही. तीच चकती वाढवत नेली तर आसन होतं. वाढ थांबवून सरळ विणत गेलं तर थैली होते.

टोपी

टोपी म्हणजे मोठी चकती आणि तिला खाली लावलेली सरळ भिंत. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर त्याला ३.१४ ने भागून व्यास साधारण १८ येतो. चकती त्याहून थोडी लहान, सोळा-सतराची ठेवा, कारण घातल्यावर वीण थोडी सैल पडते. त्यानंतर वाढ बंद करून, मध्यापासून कडेपर्यंत एकूण वीस सेंटीमीटर होईपर्यंत सरळ फेरे घाला. दर तीन-चार फेऱ्यांनी डोक्यावर घालून बघा. इथे सुयांवर टाके अडकलेले नसतात, त्यामुळे काम कधीही अंगावर चढवून पाहता येतं. मापाच्या तक्त्यांपेक्षा याच सोयीवर विसंबून राहा.

मोजा

या कलेची खरी वस्तू मोजाच. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या अँटिनूपोलिसमधल्या उकिरड्यात सापडलेला लहान मुलाचा डाव्या पायाचा मोजा आहे, इ. स. ३०० च्या सुमाराचा, रंगीबेरंगी पट्ट्यांचा. २०१८ साली जाहीर झालेल्या तपासणीत कळलं, की हे सगळे रंग तीनच वनस्पतींपासून काढले होते: लाल मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरच्या मुळांपासून, निळा वोडपासून, पिवळा वेल्डपासून. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली लाल मोज्यांची जोडीही इजिप्तचीच. दोन्हींत अंगठ्याचा कप्पा वेगळा आहे, म्हणजे अंगठ्याच्या पट्ट्याची वहाण मोज्यावरून घालता येते. आपल्याकडे कोल्हापुरी घालणाऱ्याला ही सोय वेगळी समजवायला नको.

पहिला मोजा मात्र एका कप्प्याचाच करा.

बोटांच्या टोकापासून सुरू करा. आठ टाक्यांचं कडं, मग वाढवत जा, पण सगळीकडे सारखी वाढ करू नका. पायाचं टोक गोल नसतं, चपटं असतं. दोन्ही बाजूंना एकेक खूण लावा आणि प्रत्येक खुणेच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढवा. करंगळीपर्यंत बोटं झाकली आणि नळी पायाभोवती अंगासरशी, पण न आवळता बसली की वाढ थांबवा आणि सरळ विणत जा.

टाचेसाठी सोपी युक्ती अशी. मोजा घालून उभे राहा. पाऊल जिथे वर वळून नडगीला मिळतं तिथपर्यंत विणलं की थांबा. एकूण टाके दोन भागांत वाटा: निम्मे पावलाच्या वर, निम्मे तळव्याखाली. तळव्याकडच्या टाक्यांच्या सुरुवातीला आल्यावर ते टाके घेऊच नका. दोरा तेवढ्याच रुंदीवर पुलासारखा आडवा नेऊन पलीकडच्या टाक्यात अडकवा आणि वरचा अर्धा फेरा नेहमीसारखा विणा. पुढच्या फेऱ्यात पुलावर आलात की त्यावर काजटाके घाला, जितके टाके सोडले होते तितकेच. आता पुन्हा पूर्ण गोल झाला. घोट्यापर्यंत सरळ विणा. पुलाची लांबी नीट ठेवा. तो आखूड पडला तर मोजा टाचेवरून चढणारच नाही, कारण ही वीण रबरासारखी ताणत नाही. त्याच कारणासाठी घोट्याकडचा भाग सैलच हवा.

मोज्याला खाली आता एक फट राहिली आहे. तिच्या कडेने नवा दोरा घेऊन गोल फिरा: एका बाजूला सोडलेले टाके, दुसऱ्या बाजूला पुलाची खालची कड. दोन फेरे सरळ घाला, मग दोन्ही कोपऱ्यांवर दर फेऱ्याला दोन-दोन टाके कमी करत जा. टाचेची वाटी आपोआप तयार होते. शेवटी सात-आठ टाके उरले की सगळ्यांतून दोरा ओवून ओढा आणि टोक आतल्या बाजूला शिवून टाका. पुढे टाच झिजली तर एवढाच भाग कापून नवा घालता येतो, बाकीचा मोजा उसवत नाही.

दुसरा मोजा लगेच घ्या. हातचा ताण काही दिवसांत बदलतो आणि जोडी विजोड होते.

उत्तरेकडचा दुहेरी विणीचा टाका येऊ लागला की यॉर्कच्या मोज्याची घडण पाहा. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ दरम्यान झालेल्या उत्खननात तो सापडला. दहाव्या शतकातला, घोट्यापर्यंतचा, बुटासारखा आखूड. घरात घालायला असा आखूड, जाड मोजा सगळ्यात उपयोगी.

हातमोजे आणि बुटाचे तळवे

हातमोजा म्हणजे टाचेशिवायचा मोजा. मधल्या बोटाच्या टोकापासून सुरू करून तळहातापर्यंत या, अंगठ्याच्या जागी टाचेसारखाच छोटा पूल टाका, मनगटापर्यंत जा, मग त्या फटीतून अंगठ्याची नळी काढा.

स्वीडन-फिनलंडमध्ये हातमोजे मुद्दाम मोठे विणून धुऊन आटवत. कोमट ते गरम पाणी, साबण आणि हाताने भरपूर चोळणं, की लोकर दाटते आणि वारा आत शिरत नाही. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी किंवा थंड देशात राहणाऱ्यांनी हे नक्की करावं. किती मोठं विणायचं ते अंदाजाने ठरवू नका. दहा सेंटीमीटर व्यासाची चकती विणा, तशीच आटवा, वाळवा आणि मोजा. आठ उरली तर तुमची लोकर पंचमांश आटते, म्हणून हातमोज्याचं प्रत्येक माप सव्वापट धरा. बुटाच्या तळव्यांनाही हाच हिशेब: पावलाच्या आकाराची लांबट चकती विणा, आटवा आणि वाळल्यावर कात्रीने बुटाच्या मापाची कापा. नीट आटलेली वीण कापली तरी सुटत नाही.

सुताची पिशवी

सगळं लोकरीचंच हवं असं नाही. उत्तर युरोपातल्या घरांत गाईच्या शेपटीच्या केसांची याच पद्धतीची दूध गाळायची गाळणी असत. पापुआ न्यू गिनीमध्ये बायका झाडाच्या सालीच्या दोरीचे फास गुंफून बिलुम नावाच्या पिशव्या करतात, त्यांत भाजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळं मावतं. पेरूमधल्या नास्का लोकांनी कॉप्टिकसारख्याच टाक्याने, बोटभर उंचीच्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृत्या कापडाच्या काठावर उभ्या केल्या. ब्रुकलिन म्युझियममधल्या एका प्रसिद्ध वस्त्राला अशा नव्वद आकृत्यांची किनार आहे.

भाजीची पिशवी करायला जाड सुती दोरी घ्या. पंधरा सेंटीमीटरचा तळ कॉप्टिक टाक्याने घट्ट विणा. मग पेन्सिलऐवजी जाड मार्करवर फास घ्या आणि सुई फुलीमागे न घालता सरळ वरच्या फासात घालून काजटाके टाकत जा. जाळी पडते, वजन आलं की लांब होते आणि कांदे-बटाट्यांना हवा लागते. वरचे तीन फेरे पुन्हा घट्ट घाला. बंदासाठी तीन पेडी वेणी घालून दोन्ही टोकं घट्ट फेऱ्यांतून ओवून शिवा. सूत मुरत नाही, त्यामुळे जोडाला जुनं आणि नवं टोक बोटभर एकत्र धरून चार-पाच टाके दुहेरी दोऱ्याने घाला आणि उरलेली टोकं आत लपवा. पहिल्या धुण्यात ही दोरी थोडी आकसते, तेव्हा बंद जरा लांबच ठेवा.